सपाट वाटेचा शोध

छत्रपती संभाजीनगर हे शहर डोंगरांच्या कुशीत वसलेले आहे. उत्तरेस जटवाडा आणि चौका या गावांकडील डोंगर, दक्षिणेस सातारा डोंगर, वायव्येस दौलताबादचा किल्ला व त्यापलीकडे खुलताबादचे उंच पठार, असा हा वेढा आहे. (येथील सातारा म्हणजे त्या नावाचा जिल्हा नव्हे, शहराला लागून असलेल्या याच नावाच्या गावामुळे डोंगराला हे नाव मिळाले आहे.) बीबी का मकबरा पाहावयास आलेल्या प्रवाशाला मागील डोंगराची रांग मोठी रमणीय वाटते. परंतु ज्याला पहाटे उठून वीस-पंचवीस किलोमीटर धावावयाचे असते, त्याच्या मनात ती रांग पाहून निराळाच प्रश्न उभा राहतो. तो विचारतो, "या डोंगरांच्या गावात मला सपाट वाट सापडेल कोठे?"

मुलांनो, प्रश्न दिसावयास साधा आहे. पण त्याचे उत्तर शोधू लागलो म्हणजे भूगोल, इतिहास आणि गणित ही तिन्ही पुस्तके उघडावी लागतात. ती कशी, ते या पाठात पाहू.

मॅरेथॉन ही लांब पल्ल्याची शर्यत आहे. तिचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असते. १९०८ साली लंडन येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत ही शर्यत इतक्या अंतराची होती, व पुढे १९२१ साली हेच अंतर कायमचे ठरविण्यात आले. एवढे अंतर धावण्याची शक्ती एका दिवसात येत नाही. धावपटूला कित्येक महिने सराव करावा लागतो. त्या सरावात आठवड्यातून एक दिवस लांब दौडीचा असतो. त्या दिवशी वेगाला महत्त्व नसते. एकाच संथ लयीने दोन-तीन तास धावत राहणे, हेच त्या दिवसाचे काम. श्वास, पावले आणि हृदयाचे ठोके यांची एकदा जुळलेली लय मोडू नये, अशी धावपटूची इच्छा असते.

चढ लागला की ही लय मोडते. शरीराचा भार वर उचलावा लागतो, हृदय जोराने धडधडू लागते, श्वास फुलतो. उतारावर तरी सुख असेल असे आपणांस वाटते, परंतु तसे नाही. उतरताना प्रत्येक पावलागणिक शरीराला आवर घालावा लागतो. त्याचा ताण मांड्यांच्या स्नायूंवर पडतो आणि गुडघ्यांना हिसके बसतात. सायकलस्वार उतारावर विसावा घेतो, धावणाऱ्याला तो मिळत नाही. ज्याचे पाय अद्याप कसलेले नाहीत, त्याने आरंभीच असे चढउतार फार केले तर दुखापत होऊन त्याचा सराव महिनोन् महिने बंद पडतो. म्हणून नवशिक्या धावपटूने सपाट वाट शोधणे हा आळस नव्हे. तो शहाणपणा आहे.

आता डोंगरांकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहू. आपले दख्खनचे पठार ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला, मग तिसरा. असे थरावर थर साचले. पुढे पाऊस, वारा व नद्या यांनी हे थर कोठे कमी, कोठे अधिक झिजविले. त्यामुळे आपल्याकडील डोंगर टोकदार शिखरांचे क्वचितच असतात. त्यांचे माथे बहुधा सपाट असतात आणि बाजू पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. पावसाळा सरल्यावर कोणत्याही डोंगराकडे लांबून पाहा. काळ्या खडकाचे आडवे पट्टे एकावर एक रचलेले तुम्हांला स्पष्ट दिसतील.

म्हणजे आपली भूमी ही एका प्रचंड जिन्यासारखी आहे. जिन्याला उभा भाग असतो, तसाच पाऊल ठेवण्याचा सपाट भागही असतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. दौलताबादहून घाट चढून खुलताबादला गेले की आपण वरच्या पायरीवर येतो, आणि म्हैसमाळला पोचलो म्हणजे उंची १,००० मीटरांच्या वर जाते. पायरी बदलताना घाट लागतो, पण एकाच पायरीवर राहिले तर बरीच मोठी सपाटी हाती येते. तेव्हा, डोंगरांच्या गावात सपाटी नसते, ही समजूत चुकीची आहे. सपाटी असते, मात्र पायरी ओलांडावयाची नाही, एवढे पथ्य पाळावे लागते.

मग शहराची पायरी कोणत्या दिशेने पसरली आहे? उत्तरेचे डोंगर आणि दक्षिणेचा सातारा डोंगर यांच्यामधील खोऱ्यात हे शहर आहे. हे खोरे पूर्व-पश्चिम पसरलेले असून त्याची रुंदी सुमारे १६ किलोमीटर आहे. यातून धावपटूसाठी पहिला नियम निघतो : उत्तरेकडे वा दक्षिणेकडे निघालास तर डोंगर आडवा येईल, पूर्व-पश्चिम निघालास तर डोंगर तुझ्या सोबतीने चालेल. उत्तरेस अजिंठ्याच्या रस्त्याने गेले तर चौक्याचा घाट लागतो. मकबऱ्यावरून लेण्यांकडे वळले तर लागलीच चढ सुरू होतो. उलट पूर्वेस जालना रस्त्याने चिकलठाण्याकडे गेले असता जमीन फारशी चढत नाही व फारशी उतरतही नाही. पश्चिमेस वाळूजच्या बाजूलाही भूमी अशीच मोकळी आहे.

हा नियम पडताळून पाहण्यास तीन साक्षीदार आहेत. पहिला साक्षीदार पाणी. पाण्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. ते कोणाची भीड धरीत नाही; जिकडे उतार असेल तिकडेच जाते. गवंडी भिंत बांधताना जी पाणसळ वापरतो, तिच्या नावातच पाणी आहे. नळीतील बुडबुडा मध्यभागी स्थिरावला की काम समपातळीत आहे, असे तो समजतो.

इ. स. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी येथे हे नगर वसविले. नगर वसविले, पण पाण्याचे काय? त्याने उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचे भूगर्भातील पाणी जमिनीखालील नळांनी शहरात आणविले. हीच ती प्रसिद्ध नहर-ए-अंबरी. त्या काळी वीज नव्हती, पाणी उपसणारी यंत्रे नव्हती. पाणी शहरापर्यंत आपल्या पायांनी चालत यावे, अशी ती योजना होती. उतार फार ठेवला तर पाणी वेगाने धावून बांधकाम उखडते; उतार ठेवलाच नाही तर पाणी थबकते. म्हणून सारा मार्ग मंद, अखंड उताराचा हवा. कोणता कंगोरा टाळावयाचा, कोणत्या बगलेने वळावयाचे, हे त्या कारागिरांनी भूमी पायांखाली घालून ठरविले. पुढे याच पद्धतीने डोंगरातून आणलेल्या पाण्यावर पाणचक्की फिरू लागली व धान्य दळू लागली. पाणचक्कीचे पाणी आजही प्रवासी कौतुकाने पाहतात. पण खरे कौतुक त्या न दिसणाऱ्या वाटेचे आहे.

आता उलट बाजू पाहा. आज शहराला पाणी येते ते पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून. १९६५ साली या धरणाची कोनशिला बसविण्यात आली आणि १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले. त्याचा जलाशय नाथसागर पूर्ण भरला म्हणजे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर असते. शहर सुमारे ५७० मीटरांवर. म्हणजे दोहोंत शंभराहून अधिक मीटरांचा फरक पडला. मलिक अंबराच्या नहरीचे पाणी उतरत येत होते. नाथसागराचे पाणी पंपांनी चढवून आणावे लागते, आणि त्यासाठी रात्रंदिवस वीज खर्ची पडते. धावपटूच्या पायांना जे कळते, तेच पंपांनाही सोसावे लागते.

पण याच आकड्यांत धावपटूसाठी एक शुभवार्ता दडलेली आहे. पैठण शहरापासून सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. एवढ्या अंतरात शंभर मीटरांचा उतार म्हणजे सरासरीने एका किलोमीटरला दोनच मीटर! सरासरी म्हणजे प्रत्येक ठिकाणची स्थिती नव्हे, हे खरे; वाटेत लहानमोठे चढउतार आहेतच. तरीपण डोंगर मागे टाकून गोदावरीच्या खोऱ्यात उतरले की भूमी किती सौम्य होते, याची यावरून कल्पना येते. जायकवाडीचा डावा कालवा २०० किलोमीटरांहून अधिक लांब आहे. एवढे अंतर पाणी आपोआप वाहत जाते, ते त्याची वाट जवळजवळ सपाट असल्यामुळेच.

दुसरा साक्षीदार लोहमार्ग. आगगाडीची पोलादी चाके पोलादी रुळांवर घसरतात, म्हणून तिला तीव्र चढ चढता येत नाही. शंभर मीटर जाताना एक मीटर वर चढणे, एवढा चढही जड मालगाडीला जाणवतो. म्हणून लोहमार्ग आखणारे अभियंते शक्यतो सपाट भूमी शोधतात. मनमाडहून निघालेला लोहमार्ग लासूर, दौलताबाद, छत्रपती संभाजीनगर, चिकलठाणा, करमाड, बदनापूर असा जालन्याकडे जातो. नकाशावर बोट फिरवून पाहा. हा मार्गही शहराजवळ डोंगरांमधील खोरे धरूनच गेला आहे. खुलताबादच्या पठारावर तो चढला नाही, चौक्याच्या घाटाकडे वळला नाही. अर्थात लोहमार्गावर किंवा त्याच्या कडेने धावणे हा गुन्हा आहे व जिवावरचा धोकाही. आपण त्याच्याकडून केवळ दिशा शिकावयाची आणि त्याच दिशेने जाणारा रस्ता शोधावयाचा.

तिसरा साक्षीदार विमानतळ. विमानाच्या धावपट्टीला दोन किलोमीटरांहून अधिक लांबीची सरळ व सपाट जागा लागते. येथील विमानतळ चिकलठाण्याला जालना रस्त्याच्या लगत आहे. त्याच्याही पलीकडे शेंद्रा येथे ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी वसली असून तेथील रस्ते रुंद व सरळ आहेत. पाणी, लोहमार्ग आणि धावपट्टी या तिघांची साक्ष जुळली. आता शंकेला जागा उरली नाही.

तथापि साक्षीदारांवर विसंबून न राहता आपण स्वतःही भूमी वाचावयास शिकले पाहिजे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे तुम्ही भूगोलाच्या तासाला पाहिले असतील. त्यांवर तपकिरी रंगाच्या वाकड्यातिकड्या रेषा असतात. त्या समोच्च रेषा होत. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेली ठिकाणे जोडणारी रेषा ती समोच्च रेषा. या रेषा दाटीने आल्या की तेथे तीव्र उतार समजावा. दूर दूर असल्या की जमीन सौम्य समजावी. जो रस्ता या रेषांना वारंवार छेदीत जातो, तो दमविणारा. जो त्यांच्या जोडीने जातो, तो सपाट.

एक उदाहरण करून पाहू. नकाशाचे प्रमाण १ : ५०,००० आहे, म्हणजे नकाशावरील २ सेंटिमीटर हे जमिनीवर १ किलोमीटर. एका रस्त्यावर ५६० मीटरांची व ५८० मीटरांची अशा दोन लगतच्या रेषांमध्ये ४ सेंटिमीटर अंतर आहे. म्हणजे २ किलोमीटर जाताना २० मीटर चढ, शंभरास एक. हा चढ धावपटू सहज निभावून नेतो. दुसऱ्या रस्त्यावर त्याच दोन रेषांमध्ये १ सेंटिमीटरच अंतर आहे. तेथे ५०० मीटरांत २० मीटर चढ. म्हणजे शंभरास चार. हा चढ लांब दौडीच्या दिवशी टाळावा. पाहा, त्रैराशिकाचे साधे गणित, पण त्याने गुडघे वाचतात!

आजकाल मनगटावरील घड्याळे व खिशातील फोनसुद्धा उंची दाखवितात. त्यांचा उपयोग अवश्य करावा. पण दोन फोन एकाच जागी निरनिराळी उंची दाखवितात, हेही अनुभवास येते. म्हणून एक सोपी युक्ती ध्यानात ठेवा. दहा मीटर लांबीची पारदर्शक नळी घ्या, तीत पाणी भरा आणि नळीची दोन टोके दोन मुलांनी सारख्या उंचीच्या काठ्यांना लावून उभी धरावीत. दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीवर राहते. एका काठीवर पाणी दुसरीपेक्षा दहा सेंटिमीटर वर दिसले, तर दहा मीटरांत दहा सेंटिमीटर, म्हणजे शंभरास एक उतार झाला. ज्या काठीवर पाणी वर दिसेल, ती काठी सखल जागी आहे. आपल्या शाळेचे पटांगणही किती सपाट आहे, ते या रीतीने मोजता येईल.

वाट सपाट आहे एवढ्याने ती धावण्यास योग्य ठरत नाही. जालना रस्ता सपाट खरा, पण त्यावर वाहनांची केवढी वर्दळ असते! शिवाय चौकाचौकांत उड्डाणपूल आहेत. सेव्हन हिल्स या नावाचा उड्डाणपूलही याच सपाट रस्त्यावर आहे. नावातील टेकड्यांना भिऊ नये, पण पुलावरील वाहनांना जरूर भ्यावे. शहराच्या उत्तरेकडून जाणारा समृद्धी महामार्ग पाहून एखाद्यास मोह होईल. परंतु तेथे पादचाऱ्यांना आणि दुचाकींना प्रवेशच नाही. कालव्याची वाट सपाट असली, तरी पाणी खोल असते आणि परवानगीवाचून तेथे जाणे योग्य नव्हे.

यासाठी दुसरा नियम सांगतो, आणि तो पहिल्याहून मोठा आहे : सपाट पण धोक्याची वाट आणि थोडी चढाची पण सुरक्षित वाट, या दोहोंतून निवड करावयाची झाल्यास दुसरी वाट निवडावी. गुडघा दुखला तर बरा होतो. गेलेला प्राण परत येत नाही. रस्त्यावर उजव्या कडेने धावावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. पहाटेच्या अंधारात उजळ रंगाचे कपडे घालावेत. मुलींनी व मुलांनी एकटे न धावता सोबत्यांसह, वडीलधाऱ्यांना वाट व परतण्याची वेळ सांगून, उजेडाच्या व माणसांच्या वावराच्या रस्त्यानेच जावे. जी वाट एका मुलीला निर्भयपणे धावता येईल अशी नसेल, ती कितीही सपाट असली तरी शहराने तिला चांगली वाट म्हणू नये. मराठवाड्याचा उन्हाळा कडक असतो; म्हणून सूर्य वर येण्यापूर्वी दौड संपवावी.

कोणी म्हणेल, "एवढे सगळे नियम पाळून वीस किलोमीटरांची सलग वाट मिळणार कशी?" त्यावर उत्तर असे की, वीस किलोमीटर धावण्यास वीस किलोमीटर लांबीची वाट लागतेच असे नाही. दोन किलोमीटरांचा एक चांगला, सपाट, झाडांच्या सावलीचा फेरा सापडला, तर तो दहा वेळा घालावा. सिडकोच्या वसाहतीत आतले शांत रस्ते आहेत, गारखेडा भागात विभागीय क्रीडा संकुल आहे. ४०० मीटरांच्या धावमार्गावर पुरी मॅरेथॉन धावावयाची म्हटली, तर १०५ फेऱ्या आणि वर १९५ मीटर होतील. कंटाळवाणे खरे, परंतु मनाला स्थिर राहण्याची सवय लागते, हा त्यात लाभच आहे. मात्र सतत एकाच बाजूस वळल्याने एका पायावर अधिक ताण येतो. तेव्हा मधून मधून दिशा बदलावी.

इतके झाल्यावर डोंगरांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. मॅरेथॉनची पहिली ऑलिंपिक शर्यत १८९६ साली ग्रीस देशात मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत झाली. त्या मार्गावर मध्ये लांबलचक चढ आहे. अमेरिकेतील बॉस्टनच्या शर्यतीत तीस किलोमीटर उलटून गेल्यावर, पाय थकलेले असताना, जो चढ येतो त्याला लोकांनी 'काळीज विदीर्ण करणारी टेकडी' या अर्थाचे नाव दिले आहे. आपली मुंबई समुद्राकाठची, पण तेथील मॅरेथॉनमध्येही पेडर रोडचा चढ धावपटूंची परीक्षा पाहतो. म्हणजे सराव सपाटीवर केला तरी स्पर्धेत चढ भेटणारच.

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धावणारे खेड्यापाड्यांतील तरुण पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले. त्यांच्या पुढाकाराने १९२० साली बेल्जियममधील अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस भारताचे खेळाडू गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे धावपटू होते. त्या वर्षी मॅरेथॉनचे अंतर नेहमीपेक्षा अधिक, ४२.७५ किलोमीटर होते. परक्या देशात, परक्या हवेत चौगुल्यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरे करून एकोणिसावा क्रमांक मिळविला.

आपल्या मराठवाड्यातील उदाहरण तर अगदी ताजे आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांची शाळा घरापासून सुमारे सहा किलोमीटर दूर होती. वाहनाची सोय नव्हती. लहानपणी ते अंतर पायीच, कधी चालत तर कधी धावत, कापावे लागे. सैन्यात गेल्यावर त्यांच्या धावण्याला शिस्तीची जोड मिळाली. २०२० साली दिल्लीच्या सपाट रस्त्यांवर त्यांनी अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत त्यांनी ३,००० मीटरांच्या स्टीपलचेस शर्यतीत रौप्यपदक आणि २०२३ साली हांगझो येथील आशियाई सामन्यांत याच शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची व पाण्याच्या खड्ड्याची शर्यत. जन्मभूमीने सोपी वाट दिली नाही म्हणून ते थांबले नाहीत.

तेव्हा सपाट वाट आणि डोंगर हे एकमेकांचे वैरी नव्हेत. सपाट वाट आपल्याला लय शिकविते, चढ बळ देतो. आधी लय, मग बळ, हा क्रम मात्र उलटा करू नये. पाय चांगले कसले की आठवड्यातून एखाद्या दिवशी टेकडी चढावी. आणि तुम्ही मुलांनी मॅरेथॉनची घाई मुळीच करू नये. वाढत्या हाडांना इतका ताण सोसत नाही. म्हणूनच पूर्ण मॅरेथॉनमध्ये बहुतेक ठिकाणी अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश देत नाहीत. आज तुम्ही पटांगणावर खेळा, थोडे धावा, आणि आपल्या गावाची भूमी ओळखावयास शिका.

शहरे वाढत चालली आहेत. जी जमीन सपाट, ती घरे, कारखाने आणि बाजार यांनाही हवी असते. कारण सपाटी जशी धावणाऱ्याला सोयीची, तशी बांधणाऱ्यालाही सोयीची. म्हणून गावातील मोकळी पटांगणे प्रथम आक्रसतात. एखाद्या वस्तीत धावण्यास दोन किलोमीटरांचा निर्वेध फेरा शिल्लक आहे की नाही, यावरून त्या वस्तीच्या आरोग्याचा अदमास करता येतो. चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी पाण्यासाठी अखंड वाट शोधून काढली व ती राखली. धावणाऱ्या मुलामुलींसाठी तशीच एक वाट राखून ठेवणे हे आजच्या नागरिकांचे काम आहे, आणि उद्याचे नागरिक तुम्हीच आहात.

स्वाध्याय

१. नवशिक्या धावपटूने सपाट वाट शोधणे हा आळस नव्हे, असे लेखक का म्हणतात?

२. दख्खनच्या भूमीला लेखकांनी जिन्याची उपमा कोणत्या कारणाने दिली आहे? ती तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

३. सपाट वाटेचे तीन साक्षीदार कोणते? प्रत्येकाने काय साक्ष दिली?

४. नहर-ए-अंबरीचे पाणी आणि नाथसागराचे पाणी यांच्या प्रवासातील फरक सांगा.

५. एका रस्त्यावर ३ किलोमीटरांत ६० मीटर चढ आहे. शंभर मीटरांस किती चढ पडला? हा रस्ता लांब दौडीसाठी तुम्ही निवडाल काय? कारण द्या.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : पाणसळ, निर्वेध, भीड धरणे, अदमास, विसंबून राहणे.

७. तुमच्या गावातील दोन किलोमीटरांचा एक सुरक्षित व सपाट फेरा शोधा. त्याचा नकाशा वहीत काढा व तो निवडण्याची कारणे दहा ओळींत लिहा.